दोनच घरं राहिलीत

ही गोष्ट मी आजवर पन्नासएक वेळा तरी सांगितली असेल. शिक्षकांच्या सहलीत सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, स्वतःच्या निरोपसमारंभातही सांगितली. दर वेळी लोक हसले, आणि मी त्यांच्याहून जास्त हसलो. पण तिच्यातलं एक वाक्य मी दर वेळी गाळत आलो. ते गाळलं की गोष्ट विनोदी होते आणि ते ठेवलं की माझ्यावर येते. आता मी ऐंशी ओलांडली. ज्यांच्याबद्दल सांगायचं ते राहिले नाहीत. तेव्हा एकदा ती पुरी लिहून टाकतो.

ते आमच्या शाळेत संस्कृत शिकवायचे. शाळा सदाशिव पेठेतली. मी तिथे भूगोलाचा मास्तर म्हणून लागलो तेव्हा चोविशीत होतो, ते माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे. उंच, किंचित वाकलेले. चालताना दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट धरायचे, जणू भरल्या मंडईतून कुणाचा धक्का न लागता पार व्हायचंय. शाळेचा व्हरांडा रिकामा असला तरी असेच. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून "काय सर?" म्हटलं, तर चटका बसल्यासारखे बाजूला झाले. मग स्वतःच ओशाळले.

"तुमचा दोष नाही," म्हणाले. "मला कुणी शिवलेलं चालत नाही. जुनी सवय."

मला वाटलं, सोवळ्याचं खूळ असेल. पण हाच माणूस संध्याकाळी इराण्याकडे बसून निवांत आम्लेट खाताना दिसायचा.

त्या कोपरांचं कारण मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. वडील गेल्यावर दहाव्या वर्षी त्यांना गावाहून पुण्याला लांबच्या एका काकांकडे पाठवलं होतं. काका भिक्षुकी करायचे. मुलाची मुंज झालेली, मंत्र तोंडपाठ. काकांनी त्याला पाच घरं लावून दिली. त्या काळी पेठेत अशी पुष्कळ घरं होती जिथे देव होते, पण त्यांची रोजची पूजा करायला कुणाला सवड नव्हती. वकील, कचेरीतले साहेब, एखादी अंथरुणाला खिळलेली म्हातारी. अशा घरी एखादा गरीब बटू रोज सकाळी येऊन पूजा करून जाई. त्यावर त्याची शाळेची फी आणि एका वेळचं जेवण भागे.

पहाटे चारला हौदावर गार पाण्याची अंघोळ. ओला पंचा नेसून पहिलं घर. निर्माल्य काढायचं, देव ताम्हनात घ्यायचे, न्हाऊ घालायचे, पुसायचे, सहाणेवर गंध उगाळायचं, फुलं वाहायची, निरांजन, दुधाचा नैवेद्य. मग दुसरं घर. पाचवं घर संपेपर्यंत नऊ वाजायचे. आणि एवढा वेळ त्याला कुणी शिवायचं नाही. घरातली त्याच्याच वयाची मुलं अंथरुणातून उठून डोळे चोळत देवघराशी यायची आणि स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "अरे, त्याला शिवू नकोस! पुन्हा अंघोळ करावी लागेल त्याला." सहा वर्षं असं चाललं. पेठेतल्या पाच घरांतल्या बायका रोज त्याला पाहत होत्या, आणि कुणी कधी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. फिरवता येण्यासारखा नव्हताच तो.

हे त्यांनी मला गहिवरून वगैरे सांगितलं नाही. गहिवर त्यांच्याकडे नव्हता. एकदा लक्ष्मी रस्त्यावर आम्ही चाललो होतो. समोरून एक नामांकित वकील आले, माझ्याशी दोन शब्द बोलले, त्यांच्याकडे न बघताच पुढे गेले. ते गेल्यावर हे म्हणाले, "यांच्या बाळकृष्णाचा उजवा गुडघा झिजून सपाट झालाय. अन्नपूर्णेच्या हातातली पळी मोडकी."

"म्हणजे तुम्ही यांना ओळखता?"

"देवांना ओळखतो. यांचं तोंड आज पहिल्यांदाच पाहिलं. मी खाली बसलेला असायचो, मला पायच दिसायचे. पायांवरून बरे वाटायचे."

पुणं त्यांच्या डोक्यात असंच होतं. रस्त्यांची नावं त्यांना सांगता येत नसत. एखादा पत्ता समजावून सांगताना ते म्हणत, "शाळिग्राम दोन असलेलं घर गेलं की डावीकडे वळा." आता त्या घरात देव कुठले आणि किती, हे रस्त्यावरच्या माणसाला कसं कळणार! पण त्यांना ते खरोखर तसंच दिसे. भिंतींच्या आत तेवणारी पाच निरांजनं आणि त्यांच्या मधली अंधारी वाट.

त्यांच्या स्वतःच्या घरी देव्हारा होता, पण तो बायकोच्या ताब्यात. वहिनी एकदा हसत म्हणाल्या, "हे देवांना हात जोडतात, हात लावत नाहीत."

"माझ्या वाटच्या पूजा करून झाल्या," ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

आणि दुसरा त्यांचा नेम म्हणजे सूर्य उगवल्याशिवाय उठायचं नाही. नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी ठरवलं होतं की यापुढे सूर्य आपल्या आधी उठला पाहिजे. उन्हं पलंगावर आली की ती हातानं चाचपून बघायचे आणि मगच पांघरूण बाजूला करायचे. वहिनी सांगायच्या, "शेजारणी विचारतात, साहेबांना बरं नाही का? म्हटलं, बरे आहेत. सूड घेतायत."

एवढं सगळं गमतीचंच होतं. पण एक गोष्ट मला, भूगोलाच्या मास्तराला, आधी खरीच वाटली नाही. त्यांना भूगोल अजिबात येत नव्हता. नागपूर कोल्हापूरच्या अलीकडे की पलीकडे, हे ते शिक्षकांच्या खोलीत गंभीरपणे विचारायचे. सगळे हसायचे. मला वाटायचं, थट्टा करतायत. मग कळलं, पाचवीपासून दहावीपर्यंत त्यांच्या वर्गाला भूगोल नेहमी पहिल्या तासाला असे. पहाटे चारपासून राबलेला मुलगा, पोटात नुकताच गेलेला गरम भात, आणि समोर कुणीतरी एका सुरात बोलतंय. पहिला तास त्यांनी सहा वर्षं झोपून काढला. गणित, संस्कृत, इतिहास पुढच्या तासांना होते, ते सगळे आले. जग तेवढं राहून गेलं.

एवढंच नव्हे. कुणी शिकवण्याच्या सुरात बोलू लागलं की त्यांना जन्मभर झोप येत राहिली. कीर्तनात, सभेत, मुख्याध्यापकांच्या सूचना चालू असताना. स्वतः शिकवताना नाही. तेव्हा ते लख्ख असायचे. दुसऱ्यानं शिकवायला सुरुवात केली की संपलं.

एक दिवस ते माझ्याकडे आले. "तुमच्या पाचवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो तर चालेल? मला तो तास मोकळा असतो. एकदा नकाशा पुरा करून टाकावा म्हणतो."

मी हो म्हटलं. ते आले, वही-पेन्सिल घेऊन, पोरांसारखे. मी महाराष्ट्राची प्राकृतिक रचना सुरू केली. सातव्या मिनिटाला त्यांची मान छातीवर गेली.

मी तरुण होतो, मला ते फार लागलं. तास संपल्यावर म्हटलं, "सर, इतकं कंटाळवाणं शिकवतो का मी?"

"छे हो! वाईट शिकवणाऱ्याच्या तासाला मला झोप येत नाही, भांडावंसं वाटतं. तुमचं छान चाललं होतं. मी कोकणातून निघालो, सह्याद्रीपर्यंत आलो. मग घाट लागला."

त्यानंतर ते आठवड्यातून दोनदा येत राहिले. दर वर्षी जूनमध्ये नवी वही, आणि दर वर्षी घाटापाशी थांबलेली. हळूहळू मला त्यांची सवय झाली. पोरांनाही. ते झोपले की वर्ग आपोआप कुजबुजीवर यायचा, बाकं वाजायची थांबायची. मीही आवाज खाली आणायचो. खिडकीतून दुपारचं पिवळं ऊन यायचं, फळ्यावर खडूची नदी लांबत जायची, मागं एक मोठा माणूस लहान मुलासारखा झोपलेला असायचा, आणि त्या कुजबुजत्या सुरात मी जे शिकवलं तसं नंतर कधी शिकवू शकलो नाही. मला तो वर्ग आजही कधीकधी पाण्याखालून पाहिल्यासारखा दिसतो.

जागे झाले की ते मला स्वप्न सांगायचे. माझे शब्द त्यांच्या झोपेत शिरत आणि तिथे त्यांच्या देवघरांत मिसळत.

"आज गोदावरी आली होती. पितळेची होती. ताम्हनात मावेना, तेव्हा कडेनं उतरून चालू लागली."

"मग?"

"मग काय, मी पंचानं पुसत मागं मागं. कुठवर पुसणार!"

समुद्र म्हणजे त्यांच्या लेखी पहाटे चारचा हौद होता, तळ न दिसणारा, आणि तरी आत उतरावंच लागणारा. आणि एकदा त्यांनी सांगितलं की डोंगर चंदनाच्या खोडासारखे असतात. कुणीतरी वरून पाणी घालतं आणि ते रोज थोडेथोडे उगाळतं. म्हणून खोड झिजतं, आणि गंध खाली वाहून येतं.

डोंगरांची झीज पोरांना कशी समजवावी, हे मला चार वर्षं सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सहाण आणि खोडच नेलं. उगाळून दाखवलं. हे झिजलेलं म्हणजे सह्याद्री, हे ओघळलेलं म्हणजे काळी माती. पोरं डोळे विस्फारून पाहत राहिली. हे सुचलं कुणाला, हे मी सांगितलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही. मागच्या बाकावर झोपले होते ते.

मग शाळेची तपासणी आली. माझा पाठ पाहायला खुद्द शिक्षणखात्याचे साहेब बसणार होते, आणि त्यावर माझी नोकरी कायम होणं अवलंबून होतं. आदल्या दिवशी मी त्यांना गाठलं.

"सर, उद्या तुम्ही मागं येऊन बसा."

"अहो, मी झोपलो तर?"

"झोपा की! तुम्ही झोपलात की वर्ग शांत असतो. आणि मला धीर येतो. तुम्ही नसलात तर माझा आवाज चढेल, मी घाई करीन. एवढं करा माझ्यासाठी."

ते हसले. "झोपायचं निमंत्रण पहिल्यांदाच आलं," म्हणाले. "येतो."

हेच ते, मी पन्नास वेळा गाळलेलं. मी बोलावलं होतं. झोपा म्हणून सांगितलं होतं.

पाठ सुरेख चालला होता. साहेब आणि मुख्याध्यापक फळ्याजवळच्या खुर्च्यांवर बसले होते. सहाणेवर चंदन फिरत होतं, वर्गभर वास पसरला होता, साहेब मान डोलावत होते. तेवढ्यात मागं काहीतरी पडलं. संस्कृतच्या सरांचा चष्मा. मान खाली जाताना तो नाकावरून सुटून फरशीवर आपटला होता. साहेबांनी वळून पाहिलं. मुख्याध्यापक लगबगीनं मागं गेले आणि त्यांनी सरांचा खांदा धरून जोरात हलवला.

ते ताडकन उभे राहिले. डोळे मिटलेलेच. दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, ओले असल्यासारखे. आणि एका दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या बारीक आवाजात म्हणाले, "शिवू नका, शिवू नका! दोनच घरं राहिलीत, काका."

वर्ग फुटला. चाळीस पोरं बाकांवर हात आपटून हसू लागली. वास कदाचित त्यांना चंदनाचाच आला असेल झोपेत. हे मला फार उशिरा सुचलं.

"कोण आहेत हे?" साहेबांनी विचारलं.

"संस्कृतचे शिक्षक," मुख्याध्यापक म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

साहेब माझ्याकडे वळले. "आणि तुमच्या वर्गात काय करतायत?"

वाक्य जिभेवर होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे माझी नोकरी होती, नुकतं ठरलेलं लग्न होतं, आणि चाळीस पोरांचं हसू होतं, ज्यात सामील होणं फार सोपं होतं. मीही थोडा हसलो आणि म्हणालो, "नेहमीचंच आहे, साहेब."

ते आता पूर्ण जागे झाले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी 'मला यांनीच बोलावलंय' एवढं म्हटलं असतं तर संपलं होतं. ते खाली वाकले, चष्मा उचलला, एक काच तडकली होती ती अंगठ्यानं चाचपली, आणि कोपरं अंगाशी धरून दाराबाहेर गेले. मी पाठ पुरा केला. माझ्या शेऱ्यात 'कल्पक' असा शब्द आला.

त्यांच्या शेऱ्यात काय आलं ते मी वाचलं नाही, पण परिणाम पाहिला. महिन्याभरात मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून घेतलं. मी तेव्हा बाहेर व्हरांड्यात होतो. मुख्याध्यापक पुणेरी गोडव्यानं बोलत होते. "दुपारी आपल्याला झोप येते, नाही का? मग आपल्यासाठी सकाळचं सत्र उत्तम. मांजरीच्या शाखेत जागा आहे. सात वाजता भरते."

सात वाजता मांजरीत पोचायचं म्हणजे पहिली बस, आणि पहिली बस म्हणजे पुन्हा चार वाजता उठणं. वयाच्या चाळिशीत. सेवानिवृत्तीपर्यंत.

जायच्या दिवशी ते कपाटातली पुस्तकं आवरत होते. मी दारात उभा राहिलो. "सर..." म्हटलं.

"पाठ चांगला झाला म्हणे तुमचा," ते म्हणाले. "मी शेवटपर्यंत नव्हतो." त्यात टोमणा होता की नव्हता, हे मी आजही सांगू शकत नाही. मग त्यांनी विचारलं, "मांजरी कुठल्या बाजूला येतं हो?"

"पूर्वेला."

"म्हणजे सूर्य उगवतो तिकडेच. बरं झालं. वाटेत भेटेल."

त्यांना मी त्यानंतर एकदाच पाहिलं, बारा-तेरा वर्षांनी. पोरांची सहल घेऊन पहाटे स्वारगेटला गेलो होतो. धुकं होतं. बसथांब्यावर ते उभे होते, खांबाला न टेकता, कोपरं आत घेऊन, उभ्या उभ्या झोपलेले. केस पांढरे झाले होते. त्यांची बस आली, कंडक्टरनं दुहेरी घंटी द्यायच्या आधी हाक मारली, "चला मास्तर!" आणि ते डोळे न उघडता बरोबर पायरीवर चढले. मी हाक मारली नाही. पोरं मोजत होतो, असं मी स्वतःला सांगितलं.

इकडे मी पर्यवेक्षक झालो, मग मुख्याध्यापक झालो. आणि 'दोनच घरं राहिलीत, काका' हे आमच्या शाळेत वाक्य होऊन बसलं. कुणी डुलकी घेताना सापडला की सगळे तेच म्हणायचे. त्या वाक्याची गोष्ट नव्या शिक्षकांना सांगायचं काम माझं. मी तो बारीक आवाज हुबेहूब काढायचो.

माझ्या पंच्याहत्तरीला जुन्या विद्यार्थ्यांनी एक कार्यक्रम केला. एका विद्यार्थ्यानं, त्याच वर्गात तेव्हा पहिल्या बाकावर बसणाऱ्यानं, व्यासपीठावर तो प्रसंग करून दाखवला. मान खाली टाकली, उभा राहिला, हात लांब धरले. सभागृह हसून लोळलं. तो मात्र खाली आल्यावर मला हळूच म्हणाला, "सर, एक विचारू? आदल्या दिवशी मी वह्या द्यायला आलो होतो तेव्हा तुम्ही त्यांना सांगत होतात ना, येऊन बसा म्हणून? का मला स्वप्न पडलं होतं?"

मी म्हटलं, "स्वप्न पडलं असेल."

दुसऱ्या दिवशी मी त्यांचा पत्ता शोधायला लागलो. वारज्याला मुलाकडे राहत होते. वहिनी गेल्या होत्या. जाण्याआधी मी घरी आरशासमोर वाक्य म्हणून पाहिलं. एकच तर वाक्य होतं.

दार सुनेनं उघडलं. "या ना. तुम्ही आलात ते बरं झालं, पण फार बोलायला लावू नका हं त्यांना," ती म्हणाली. "आताशा त्यांना झोपच लागत नाही. गोळ्या झाल्या, सगळं झालं. चारला उठून बसतात. आणि हात असा असा करत राहतात चादरीवर."

ते खिडकीजवळच्या पलंगावर बसले होते. उजवा हात चादरीवर गोल गोल फिरत होता, सावकाश, न थांबता. मी ओळखला तो हात. मला पाहून त्यांनी डोळे बारीक केले.

"भूगोल," म्हणाले.

"हो सर. मीच."

"बोला."

मी खुर्ची ओढून बसलो. घसा साफ केला. जन्मभर वर्गात बोललेला माणूस. महत्त्वाचं काही सांगायचं तर माझ्याकडे दुसरा आवाज नव्हता. मी लांबून सुरुवात केली. "सर, आपल्या शाळेत तपासणी झाली होती, ते वर्ष तुम्हाला आठवत असेल. त्या वेळी माझी नोकरी कायम झाली नव्हती. आणि अशा वेळी माणसाच्या मनाची जी अवस्था असते, तिचा विचार केला तर..." शब्दामागून शब्द, एका सुरात. मुद्द्यावर यायला मला भीती वाटत होती म्हणून मी प्रस्तावना वाढवत होतो. चौथ्या की पाचव्या वाक्याला माझं लक्ष चादरीकडे गेलं.

हात थांबला होता.

मान छातीवर आली होती. ओठ किंचित उघडे, कपाळावरच्या रेषा गेलेल्या. खिडकीतून ऊन त्यांच्या गुडघ्यांवर आलं होतं.

मी पुढे वाकलो. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला असता तर ते जागे झाले असते. दारात सून उभी होती. तिनं दोन्ही हात जोडले आणि ओठांनीच म्हणाली, "नको हो. चार दिवसांनी लागलीय."

मग मी बोलत राहिलो. थांबलो तर जाग येईल असं वाटलं म्हणून. आवाज खाली आणून, घाई न करता, नद्या, डोंगर, कोकणातली बंदरं, जे आठवेल ते. पाऊण तास. मग सुनेनं मला खूण केली, मी चपला हातात घेतल्या आणि बाहेर आलो.

पुढच्या रविवारी पुन्हा जायचं ठरवलं होतं. शुक्रवारी त्यांच्या मुलाचा फोन आला.

सर, साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणायला हवं होतं ते असं: यांना मी बोलावलंय. झोपा म्हणून मीच सांगितलंय. मला क्षमा करा.